हरलेले पट

दोन हजार दहा साल. मी एकोणसत्तर वर्षांचा. चिखलीकडून आलेला व्यापारी गोठ्यात आमच्या हिऱ्या बैलाच्या तोंडात हात घालून दात पाहत होता, अन् मी खुंट्याजवळ उभा होतो.

मी धुरकरी. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, छकडीवर बसून जोडी हाकणारा. ठरलेलं अंतर जोडी किती सेकंदात कापते ते घड्याळ सांगते. ज्याचा टाइम कमी तो जिंकला. बैलांचे मालक भास्करराव. त्यांच्या जोड्या मी जवानीपासून हाकतो.

"दोन वर्सात एक पट जिंकला त्यानं," भास्करराव म्हणाले. "म्हातारा झाला हिऱ्या. इकून टाकू."

"म्हातारा नाही झाला."

"मंग हरते काऊन?"

व्यापारी चार दिवसांनी येतो म्हणून गेला.

भास्कररावांची सून सुषमा. चिखलीच्या एका कॉम्प्युटर क्लासमधी शिकवते. तिनं हे सगळं ऐकलं अन् लॅपटॉप घेऊन गोठ्यातच आली. आमच्या गोठ्याच्या भिंतीवर गेरूनं पटांचे टाइम लिहिलेले आहेत. ते तिनं एक्सेलमधी उतरवले. एक्सेल म्हणजे चौकटींची वही. एक आडवी ओळ म्हणजे एक पट. उभ्या रांगेले कॉलम म्हणतात, त्यात गाव, महिना, टाइम. मग तिनं एक बटन दाबलं तर रेघ उमटली. ग्राफ. साफ सपाट.

"आबा, याच्यात तर हिऱ्या कधी हरलाच नाही. हरलेले पट कुठं हायेत?"

"हरलेलं भिंतीवर लिहीत नसतात पोरी," मी म्हटलं. "बैलाले नाट लागते, अपशकुन असते तो."

"मंग मले कसं समजन, तो काऊन हरते ते?"

मले राग आला. गेरूनं भिंतीवर लिहिणारा मीच. पण ती पुढं बोलली, "जाऊ द्या, तुमाले आठवतही नसन."

आठवत नसन? मी खाटेवर बसलो अन् एकामागून एक बारा पट सांगितले. टाइमासकट. वरवट बकालकडचा तर असा हरलो होतो की त्याचं नाव मी घरातही काढलं नव्हतं. तेही सांगितलं. जिंकलेले नऊ तिनं हिरवे केले, हरलेले बारा लाल.

आता ग्राफ पाहण्यासारखा झाला. बैल म्हातारा होत गेला असता तर टाइम सालोसाल वाढायले पाहिजे होता. तसं नव्हतं. पाच वर्षांआधीही लाल होते, अन् मागच्या वर्षीचा एक हिरवा. कारण काहीतरी वेगळं होतं. सुषमानं उन्हाचा कॉलम लावून पाहिला, महिना लावून पाहिला. काही जुळेना. मले तर आता जेवणाचीही आठवण राहिली नाही.

मागच्या वर्षीच्या त्या हिरव्यावर माही नजर अडली. त्या दिवशी टेम्पो पंक्चर होता.

"एक कॉलम वाढव," मी म्हटलं. "बैल पायी गेले का टेम्पोत, ते लिही."

लिहिलं. नऊच्या नऊ हिरवे पायी. बारा लालांत दहा टेम्पोचे. आधी लांबच्या पटाले भाड्याचा टेम्पो करायचो. दोन वर्षांआधी भास्कररावांनी घरचा घेतला, तर जवळही त्याच्यातच.

भास्करराव चष्मा लावून पाहत राहिले. "म्हंजे माह्या टेम्पोचा दोष?"

"टेम्पोत बैल चारी पायांवर तोल धरून उभा राहते जी. उतरला की आपण लगेच जुपतो. पाय आधीच भरलेले."

"हे तुमाले आज समजून राह्यलं?"

खरं सांगतो, केबिनमधी बसून जायची मलेच गोडी लागली होती. तेही मी बोललो.

भास्कररावांनी एकच पट दिला, देऊळगाव राजाकडचा. तोवर व्यापाऱ्याले थांबवलं. दोन दिवस रमतगमत पायी गेलो, एक दिवस बैल झाडाखाली बसवले, मग धावलो. दुसरा नंबर आला, पण हिऱ्याचा आजवरचा सगळ्यात कमी टाइम. व्यापारी गोठ्यातला दुसरा एक गोऱ्हा घेऊन गेला. हिऱ्या राहिला.

मी इतकंच शिकलो की नुसतं जिंकलेलं लिहून ठेवलं तर माणसाले आपलीच चूक सापडत नाही.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी यष्टीनं चिखलीले गेलो, सुषमाच्या क्लासमधी. एक्सेल शिकायचं म्हटलं. तिनं फॉर्म पुढं केला. शिक्षणाचा रकाना होता. गावात सगळ्यांना मी आजवर चौथी पास सांगत आलो. तिथं लिहिलं, तिसरी नापास.