शेवटच्या टाकीतले मासे

"योहान गेले," त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, फोनवर सांगितलं, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "जाताना काही बोलले का?" माणूस गेल्यावर असं कोणी विचारत नाही. "न्हाई, झोपेतच गेले," म्हणाल्या. मला सुटल्यासारखं वाटलं... ते का वाटलं, हे आता लिहायला हवं. आमच्या गावात योहानची आणि त्याच्या माशांची गोष्ट उलटी सांगितली जाते.

योहान साळवे नगरपरिषदेच्या सांडपाणी केंद्रावर होता. श्रीरामपूरच्या रस्त्याला, गाव संपतं तिथं. पाणीपुरवठ्याबरोबर ते केंद्रही माझ्या हाताखाली होतं, म्हणून तो मला भाऊसाहेब म्हणायचा; डबे मात्र आम्ही एकत्र उघडायचो. गटारीचं पाणी टाक्यांमधून फिरत, गाळ सोडत शेवटच्या टाकीत यायचं. तिथं योहाननं मासे सोडले होते. पाणी साफ झाल्याचा गावाला पटेल असा पुरावा तोच. शाळेची पोरं बघायला यायची, तो त्यांच्या हातावर माशांसाठी मुरमुरे ठेवायचा.

एकदा जिल्ह्याहून पाहुणे येणार होते आणि नेमका त्याच दिवसांत वास फार सुटला होता. आदल्या संध्याकाळी योहान चर्चमध्ये प्रार्थनेला गेला असताना मी पाणीपुरवठ्याच्या गोदामातून ब्लिचिंग पावडरचं पोतं आणलं आणि शेवटच्या टाकीकडे जाणाऱ्या पाटात रिकामं केलं. वास मरावा, एवढंच डोक्यात होतं. माशांचा विचारच आला नाही. सकाळी ते सगळे पोट वर करून तरंगत होते. काठावर उभं राहून योहाननं मला विचारलं, "भाऊसाहेब, कसला वास येतोय का?" ब्लिचिंगचा वास मला चांगला येत होता. मी म्हणालो, "नाही." तेवढ्यात पाहुणे आले, नाकाला रुमाल लावूनच.

मग गाव बोलायला लागलं. "साळव्या मशीन बंद ठिवून कच्चं पाणी उसाला सोडत हुता," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते आधीपासून ठाऊक असल्यासारखं झालं. त्याला कचरा डेपोवर टाकलं. टपरीवर लोक विचारायचे, "काय साळवे, आज मासळी न्हाई आनली?" तो म्हणायचा, "उधारी बंद केली हाय." मी शेजारी चहा पीत बसायचो. खरं बोललो असतो तर निवृत्तीच्या तोंडावर निलंबित झालो असतो.

माझ्या निवृत्तीनंतरही तो रविवारी चर्चमधून थेट माझ्या ओट्यावर यायचा. बोलता बोलता मध्येच थांबायचा... "भाऊसाहेब, कसला वास येतोय का?" याला सगळं माहीत आहे, हा मला सुखानं बसू देणार नाही, अशी माझी खात्री झाली होती. तो हसला तरी मी त्यात टोमणा शोधायचो. मग मी रविवारी घरात नसल्याचं घरच्यांना सांगायला लावू लागलो.

तो गेल्यावर पंधरवड्यानं वहिनींना भेटायला गेलो. बोलण्याच्या नादात दूध करपलं. भांडं उतरवत त्या म्हणाल्या, "हे असते तरी कळलं नसतं. त्यांना वासच येत नव्हता, भाऊसाहेब. प्लँटवर असल्यापासनं. कामावरून काढतील म्हणून कुणाला सांगितलं न्हाई. तुमालाच तेवढं इचारायचे, भरवसा होता म्हणून."

"आणि माशांचं काय म्हणायचे?"

"आपलंच कायतरी चुकलं म्हणायचे. जाईपर्यंत तेच घोकत हुते."

त्यांनी मला परसात नेलं. तिथं सिमेंटची छोटी टाकी होती, तिच्यात मासे. "पाणी बदललं की आधी एकच सोडायचे. दिसभर इथं स्टुलावर बसून ऱ्हायचे. तो जगला की मग बाकीचे."

मी तिथंच सगळं सांगितलं. "मला काय सांगताय? गावाला सांगा," एवढंच वहिनी म्हणाल्या.

परवा पुन्हा गेलो, हे गावाला लिहून देतो आहे म्हणून सांगायला. त्यांनी नुकतंच पाणी बदललं होतं. एक मासा सोडला आणि योहानच्या स्टुलावर बसल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत. मी उभा राहिलो... मासा तळाशी गेला, दिसेनासा झाला, आणि आम्ही दोघंही वाट बघत राहिलो.