हिरालालची अडलेली सही

हिरालाल रामटेके चौतीस वर्षं जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोटकांजवळ राबले आणि दहाही बोटं शाबूत घेऊन निवृत्त झाले. त्यांच्या मते माणसाची खरी कमाई हीच. मग कारधा गावाच्या पुढे एका खासगी रॉकेट कंपनीनं शेड टाकली आणि त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं. आरामाचं वय, पण मान मिळतो म्हटलं की माणूस हुरळतो. हेही हुरळले. वर स्वतःच्या गावचे, एकोडीचे, बारा जण आपल्या शब्दावर कामाला लावले. त्यात पहिला बहिणीचा मुलगा अनुप. त्याचं तर लग्नही ह्याच नोकरीवर जमलं.

तीन वर्षं बरी गेली. यंदा मात्र कंपनीचं दिवाळं निघणार अशी बोंब उठली. पेपरात दोन ओळी आल्या, बाजारात त्यांच्या वीस झाल्या. पगार अर्धा झाला, कामगारांची बस बंद झाली, चहातलं दूधही गेलं. सगळ्यांचा जीव आता एका शुक्रवारवर टांगला होता. त्या दिवशी मुंबईचे पैसेवाले येणार, त्यांच्यासमोर रॉकेटची मोटर जमिनीला बांधून पेटवायची. नीट जळली तर पैसा, नाहीतर कुलूप. आणि पेटवण्याआधी वहीत सही लागायची ती हिरालालांची.

मोटर म्हणजे एक पोलादी नळा. त्यात रबरासारखं इंधन ओतायचं आणि सात दिवस भट्टीत एकाच उष्णतेवर ठेवायचं. भट्टीची देखरेख अनुपकडे होती.

बुधवारी डबा खाताना अनुप हळूच म्हणाला, "मामा, मी कंपनीचे पैसे वाचवले. रोज दुपारी भट्टी बंद ठेवली, दोन-दोन घंटे. सायब लोक बिलापायी रडून राहिले ना. म्हटलं, आपलीच कंपनी हाय."

हिरालालांचा घास हातातच राहिला. उष्णता खालीवर झाली की इंधन नळ्यापासून सुटतं, त्या फटीत ज्वाला शिरते आणि नळा फुटतो. पण हे अनुपला सांगितलं होतं कोणी? काम सांगायचं, कारण सांगायचं नाही, ही हिरालालांची जुनी सवय. 'सात दिवस भट्टी' एवढंच ते बोलले होते. ओरडावं तर कोणावर?

"कोणाले सांगितलं?"

"कोणालेच नाई."

"मंग सांगू बी नको. सायबाले आवडत नाई कामात हात घातलेला."

गुरुवारी मॅनेजर वीरेंद्र वही घेऊन आला. भट्टीच्या उष्णतेच्या नोंदी सकाळ-संध्याकाळच्याच, त्यामुळे वही स्वच्छ होती.

"मोटरचा एक्स-रे काढा," हिरालाल म्हणाले.

"पंधरा दिवस लागतील, हिरालालजी. लोक उद्या येताहेत. तुमची सही नाही झाली तर कंपनी आजच मेली समजा. काय चुकलंय ते तरी सांगा."

बाहेर त्यांचेच बारा जण मोटर बांधायला साखळ्या घेऊन उभे होते. उद्या पेटवताना जवळपास तेच असणार.

"मले बरोबर वाटत नाई," हिरालाल म्हणाले. "कारण नाई. म्हातारपण समजा." त्यांनी पेन खिशात ठेवलं.

पैसेवाले आले, चहा पिऊन गेले. महिनाभरात फाटकाला कुलूप लागलं. बुढ्ढ्याच्या हेक्यानं बारा घरं बसली, हे एकोडीत ठरून गेलं. अनुपही तेच म्हणू लागला. आपल्या दोन तासांचा आणि त्या सहीचा मेळ त्याला लागलाच नाही. आता मामा रस्त्यात दिसले तर तो वाट बदलायचा, आणि हिरालालांना ते फार लागायचं.

खरं काय ते फक्त बायकोला, विमलाबाईला, ठाऊक होतं. एका बारशात टोमणे ऐकून आली तेव्हा तिच्यानं राहवेना.

"काहून नाई सांगत लोकायले? तुमचाच भाशा तुमाले शिव्या देऊन राहिला!"

हिरालाल खाटेवर टेकले.

"मले पेन्शन हाय," ते म्हणाले. "शिव्या खाऊन बी माह्यं जेवण भेटते. त्याले उद्या दुसऱ्याच्या दारात काम मागाचं हाय."