चौकातली मुरलेली लादी

आमच्या लालबागच्या चाळीच्या चौकातलं काँक्रीट फुटलं आणि त्यावर काय बसवायचं यावरून महिनाभर वाद झाले. गॅलरीत उभं राहून उंटावरून शेळ्या हाकायला आमच्या चाळीइतकी हौशी माणसं कुठे सापडायची नाहीत. मी तेव्हा दादरच्या एका ऑफिसात नोकरीला होते, त्यामुळे स्वतःला भलतीच शहाणी समजत होते. मला चकचकीत टाइल्स हव्या होत्या. त्यावरून बायका पहिल्याच आठवड्यात घसरून पडतील, असं बाबा म्हणाले. उघड्यावर दगडच टिकतो, तोही जुना, मुरलेला, हा त्यांचा हट्ट.

हट्टी तर ते होतेच. ते साचेखात्यात होते, म्हणजे गिरणीत माग चालवायचे. संपाला वर्षं लोटली तरी आपली गिरणी चालू होणार याची त्यांना खात्री होती. दुसरी नोकरी धरली की गिरणीतला हक्क गेला, असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी गेटपर्यंत जायचे, बंद गेट बघून परत यायचे. आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटत होती आणि मी बाबांशी धड बोलत नव्हते.

शेवटी चाळीने दगडच ठरवला आणि लाद्या निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाबांनी परीक्षा शिकवली. लादीवर पाणी ओतायचं. शोषून घेतलं तर लादी कच्ची, वरच राहिलं तर डोळे मिटून घ्यायची.

रे रोडला एका जुन्या सामानवाल्याकडे काळपट, गुळगुळीत लाद्यांचा ढीग होता. मी पाणी ओतलं, तर अळवाच्या पानावर राहावेत तसे थेंब राहिले. मला हर्षच झाला. लाद्या कुठल्या, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही. सगळी अक्कल मी भाव पाडण्यात खर्च केली.

रविवारी टेम्पो आला. बाबा खाली उतरले, एकेका लादीवरून हात फिरवत गेले आणि एका लादीपाशी थांबले. तिला बोल्टची चार भोकं होती. भोकांच्या बाजूला पुसट पांढऱ्या रंगात आकडा होता. त्यांनी एका भोकात बोट घातलं.

“हा माझ्या साच्याचा नंबर गो,” ते म्हणाले. “तेल पिऊन मुरल्यात या.”

जी बातमी इतकी वर्षं गेटाबाहेर त्यांना कुणी दिली नव्हती, ती मी घासाघीस करून, टेम्पो ठरवून घरी आणली होती. मला तिथेच रडायला हवं होतं, पण तेही जमेना.

बाबा लादीपाशी उकिडवे बसले. मग हळू आवाजात म्हणाले, “लाद्या निघाल्या म्हणजे साचे कधीच गेले. मागल्या गेटानं नेले असतील. मी आपला पुढच्या गेटावर उभा.”

गवंड्याने विचारलं, ही भोकांची लादी कोपऱ्यात टाकू का? बाबा म्हणाले, मधेच टाक, पण उलटी, नंबर खाली.

गवंडी म्हणाला, खालची बाजू खडबडीत आहे, पायाला टोचेल.

“टोचू दे,” बाबा म्हणाले.