न परतणारा प्रोग्रॅम

मुमताज सय्यद येरवड्याची. वडील दादामियाँ शिलाई मशिनं दुरुस्त करायचे; मुलीने शाळेत शिकवावं, एवढीच त्यांची इच्छा. ती झाली प्रोग्रॅमर. ब्याण्णव साली स्वारगेटजवळच्या एका विमा कंपनीत गोपाळकृष्ण दीक्षितांनी तिला घेतलं. बाकीच्या दोन साहेबांना दुसराच उमेदवार हवा होता, पण दीक्षित हटून बसले. हे तिला मागाहून कळलं आणि लक्षात राहिलं.

कंपनीचा मेनफ्रेम संगणक वरच्या मजल्यावर होता. खाली काउंटरवरचे कारकून त्याला जोडलेल्या टर्मिनलच्या पडद्यावर पॉलिसी शोधत, पत्ता बदलत, पुढचं गिऱ्हाईक घेत. पुढल्या वर्षी पॉलिसी शोधायचा नवा प्रोग्रॅम आला आणि दुपारच्या सुमारास टर्मिनलं एकेक करून बंद पडू लागली. तो प्रोग्रॅम श्रीनिवासने लिहिलेला. त्याला नोकरीत कायम करायचं की नाही, तेही त्याच महिन्यात ठरायचं होतं.

"बिघाड शोधा," दीक्षित मुमताजला म्हणाले. "श्रीनिवासच्या प्रोग्रॅममध्ये आहे. एवढं सांगून तुमचं काम मी हलकं केलंय."

श्रीनिवास तिला आवडत नसे. तिने डबा उघडला की तो खुर्ची लांब सरकवी.

तिने चाचणी घेतली. पॉलिसी शोधली, सापडली की प्रोग्रॅम बंद करून बाहेर पडली. पुन्हा तेच केलं. काही बिघडेना. शेवटी ती खाली जाऊन संपत बराटे या कारकुनाशेजारी बसली. संपत कर्वेनगरच्या जुन्या शेतकरी घरातला.

"तुम्ही मधे प्रोग्रॅममधून बाहेर पडत नाही?"

"कशाला पडू, बाई? समोर रांग हाय. मेन्यूवर जायचं, पुढचा नंबर टाकायचा."

वर येऊन तिने तसंच केलं, पण या वेळी तपासणीची सोय चालू ठेवून. त्या सोयीमुळे काम पायरीपायरीला थांबे आणि कुठल्या प्रोग्रॅमने कुठल्याला बोलावलं ते पडद्यावर दिसे. मेन्यूने, म्हणजे कामांची यादी दाखवणाऱ्या पहिल्या प्रोग्रॅमने, श्रीनिवासच्या प्रोग्रॅमला बोलावलं. त्याने काम उरकून परतीच्या प्रोग्रॅमला बोलावलं. तो सगळ्यांनी वापरायचा, असा नवाच नियम होता. या परतीच्या प्रोग्रॅमने मागच्या मेन्यूकडे जायचं सोडून मेन्यूलाच नव्याने बोलावलं. आधीचा मेन्यू ताटकळत राहिला. दर गिऱ्हाइकागणिक साखळी वाढत होती, आणि संगणकातली जागा संपली की टर्मिनल बंद.

परतीचा प्रोग्रॅम दीक्षितांचा होता.

श्रीनिवासच्या प्रोग्रॅममध्ये थोडा फेरफार करूनही भागलं असतं. कोणी विचारलं नसतं. मुमताजने पडद्यावरची साखळी कागदावर छापून घेतली आणि ती दीक्षितांकडे गेली.

"सर, श्रीनिवासचा प्रोग्रॅम ठीक आहे. परतीचा परतत नाही."

त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला. "परतीचा कोणी लिहिलाय, माहीत आहे ना?"

"हो."

"मग उभ्या का? बसा. दाखवा कुठे ते."

त्यांनी स्वतःच दुरुस्ती केली. टर्मिनलं सुरळीत चालू लागली, श्रीनिवास कायम झाला. त्याने मुमताजचे आभार मानले नाहीत. काय घडलं ते त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दीक्षित काही आठवडे तिच्याशी कामापुरतं बोलत राहिले. पुढे दुसऱ्या विभागातून एक किचकट तक्रार आली, तेव्हा ते म्हणाले, "मुमताजबाईंकडे द्या. त्या माणूस बघत नाहीत."

हे कौतुक की टोमणा, याचा छडा तिने लावला नाही. ती तिथेच निवृत्त झाली. मेनफ्रेम तिच्याआधी गेला.