बोट काढलं तरी लाइन चालू

धुकं इतकं दाट होतं की समोरच्या क्वार्टरचा नुसता पिवळा बल्ब दिसत होता. केवलरामनं अंगणातल्या चुलीवर पाणी तापत ठेवलं, स्कूटरवरची ओल पुसली आणि पडवीतल्या फोनपाशी येऊन बसला.

रोलिंग मिलमधून रिटायर झाल्यापासून हात रिकामे. व्हिडिओ पाहून पाहून त्यानं मुलाच्या, मोहितच्या, जुन्या कॉम्प्युटरचं घरगुती टेलिफोन एक्स्चेंज केलं होतं. एक फोन स्वयंपाकघरात, एक वर मोहितच्या खोलीत, एक पडवीत. चौथा इंटरनेटवरून थेट कुरुदला, सून गुंजनच्या माहेरी, व्याही कृष्णरावांकडे. आज नवी करामत होती. एक बटण दाबलं की बाकीचे फोन आपोआप उघडणार आणि त्याचा आवाज सगळीकडे. मिलमधल्या बटण दाबून बोलायच्या टॉकबॅकसारखं.

बटण दाबून तो म्हणाला, "सगळ्याइले राम राम. इवाई, तुमालेबी."

आणि बोट काढलं. मिलमध्ये बोट काढलं की लाइन बंद व्हायची. नोकरीभर तीच सवय.

त्याची बायको तुळसाबाई चहा घेऊन आली. "कुरुदले कावून लावला फोन? इवायानं मांगला होता का?"

"ते कायचे मांगतात? बसाले धड खुर्ची नाही घरात. लग्नात आपल्या पाहुण्याइले पातळ वरण वाढलं. म्हटलं, एवढी तं चीज असू दे त्याइच्या घरी."

"मंग फोन ठेवाले टेबलबी तुमीच पाठवा."

दोघंही हसले. तेवढ्यात मोहित जिना उतरत आला. "बाबा, लाइन चालूच आहे. पूरा सुनाई दे रहा है. कुरुदलेबी."

केवलराम खोकला. तोच खोकला स्वयंपाकघरातून ऐकू आला. त्यानं घाईनं फोन बंद केला.

गुंजन दारात उभी होती, हाताला कणीक. सासऱ्याला म्हणाली, "मामाजी, आमच्या घरचा फोन काढून आणा."

"गुंजन, मी..."

"माह्या बाबानं फोनसाठी सुताराकडून फळी ठोकून घेतली. शेजाऱ्याइले बोलावून दाखवतेत, माह्या इवायानं बनवला म्हणून."

ती आत गेली. तुळसाबाई कप उचलायच्या निमित्तानं उठली. केवलरामनं कुरुदचा नंबर लावला तेव्हा त्याचे कान तापले होते.

"बोला इवाई," कृष्णराव म्हणाले. "आवाज साफ येऊन राहिला."

"चुकलो मी. माही जीभ..."

"असू द्या."

"फोन काढून नेऊ का?"



"राहू द्या. पोरीचा आवाज येते त्याच्यात. आता ठेवतो, बाजाराले उतईले जा लागते."

आज येतो, पाया पडतो, असं काहीतरी केवलरामला म्हणायचं होतं. पण लाइन कटली होती.

आत पोळपाटावर लाटणं फिरत होतं. गुंजननं नाश्त्याला हाक मारली ती मोहितला, केवलरामला नाही. पायरीवर गुंजननं निवडायला ठेवलेली लाल भाजीची जुडी होती. त्यानं तिची दोरी सोडली, मान खाली घातली आणि एकेक पान खुडू लागला.