पान एकशे सत्त्याहत्तर

१९७८ च्या एप्रिलमध्ये, माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला नऊ दिवस राहिले असताना, आम्ही वाचत होतो ते पुस्तक एकशे शहात्तराव्या पानावर तुटलं. त्यापुढची सोळा पानं दुसऱ्याच पुस्तकाची होती.

आमचं गाव कारंजापासून सहा किलोमीटरवर. ग्रामपंचायतीला लागून एक खोली होती, तिच्यात दीड कपाट पुस्तकं. अर्धं कपाट पंचायतीच्या कागदांचं. निवृत्त झालेले गुरुजी संध्याकाळी पाच ते सात ती खोली उघडी ठेवत. बायका तिथे जात नसत. घरातल्या पोरांच्या हाती निरोप जाई, आणि गुरुजी ज्या घरातून निरोप आला त्या घराकडे पाहून आपल्या मनाने पुस्तक देत. ताईसाठी त्यांनी दिलेलं पुस्तक तपकिरी कापडात बांधलेलं होतं. पाठीवरच्या चिठ्ठीची शाई उडाल्यामुळे नाव वाचता येत नव्हतं. आत एका बाईने स्वतःचं लहानपण लिहिलं होतं: नदीकाठचं गाव, शेतावर जाणारी आई, लहान भाऊ, शाळा.

ताई पाचवीपर्यंत शिकलेली. ती अक्षराला अक्षर जोडून वाचायची, एका पानाला बराच वेळ लागायचा. त्यात त्या दिवसांत तिचे हात रिकामे नसत. लग्नाचे सरगुंडे चालू होते. आमच्याकडे लग्नाआधी शेजारच्या बायका जमतात, मळलेल्या कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळतात, काडी ओढून घेतली की पोकळ नळी उरते, ती बाजेवर धोतर पसरून वाळवतात. दुपारभर ओसरीत दहा-बारा बायका बसलेल्या असत. मी अकरा वर्षांची होते, परीक्षा संपली होती. वाचायचं काम माझ्याकडे आलं.

"नवरी ऐकून राह्यली का काड्या मोडून राह्यली?" शेजारची काकू म्हणायची. "पाह्य व, किती मोडल्या."

"वाच व तू," ताई मला म्हणायची. "थांबू नको."

चौथ्या दुपारी आम्ही शेवटाजवळ आलो. पुस्तकातल्या मुलीची शाळा सुटली होती. आई शेतावर जाई, भावाला सांभाळायला कोणी नव्हतं. एका सकाळी ती भावाला कडेवर घेऊन शाळेच्या दारात जाऊन उभी राहते. वर्गातली पोरं माना वळवून पाहतात. पान एकशे शहात्तर, शेवटची ओळ: मास्तर माझ्याकडे वळले आणि म्हणाले,

मी पान उलटलं आणि त्याच आवाजात पुढे वाचलं: "फवारणी सकाळी, वारा पडलेला असताना करावी. फवारणी करताना नाकातोंडाला कापड बांधावे."

काकूने काडीवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग हसू फुटलं.

"मास्तर कास्तकार होता वाटते!"

"माय व! पोट्टीच्या अंगावर फवारा मारते का आता?"

"मारू दे. उवा तरी मरतीन."

ताई हसली नाही. "दोन पानं चिकटली असतीन. नीट पाह्य."

"नाई चिकटली. हे एकशे शहात्तर, हे एकशे सत्त्याहत्तर."

"मंग मास्तर का म्हणे?"

 काकू मायकडे पाहून म्हणाली, "हिच्या मनातून अजून ते गेलं नाई."

"जाऊ दे व," माय म्हणाली. "इतक्या वर्साचं."

काय गेलं नाही, ते मी त्या रात्री काकूला विचारलं. पुढे मायकडून आणि गुरुजींकडून पडताळून घेतलं. तिघांचं सांगणं जुळतं. ताई पाचवीत होती तेव्हा मी तीन वर्षांची होते. माय वावरात जायची. ताई मला कडेवर घेऊन शाळेत जायची आणि वर्गात नव्हे, व्हरांड्यात बसायची. खिडकीतून फळा दिसायचा. असं काही आठवडे चाललं. एक दिवस मी फार रडले. मास्तर बाहेर आले आणि म्हणाले, "पोर घरी ठेवून ये." ताईने मला घरी आणलं. घरी ठेवायला कोणी नव्हतं. ती परत गेली नाही. हे मास्तर आमचे गुरुजी नव्हेत. ते दुसरे, लग्नाच्या बऱ्याच आधी बदली होऊन गेलेले.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक गुरुजींकडे नेलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं पाहिली. आदल्या पावसाळ्यात कपाटाला वाळवी लागली होती. चार पुस्तकांच्या पाठी गेल्या म्हणून त्यांनी ती कारंजाला बांधायला दिली होती. बांधून आल्यावर उघडून पाहिली नव्हती, असं त्यांनी सांगितलं.

बाजाराच्या दिवशी बाबांच्या सायकलवर मागे बसून मी कारंजाला गेले. बांधणाऱ्याचं दुकान हायवेवरच्या ढाब्यांच्या मागे होतं. तो व्यापाऱ्यांच्या वह्या बांधायचा. ट्रक गेला की भिंतीवरची कात्री हलायची.

"काका, हे पुस्तक चुकलं."

त्याने उघडलं. अंगठ्याने पानांचे कोपरे सोडत गेला. "आकडा पाह्य. हा एकशे शहात्तर, हा एकशे सत्त्याहत्तर. एक पान खालीवर नाई."

"पण गोष्ट दुसरी हाये."

"गोष्टीचं मले नको सांगू, बाई. मले अक्षर येत नाई, आकडा येते." तो ओशाळला नाही. चारही पुस्तकांची शिवण त्याने एकाच वेळी उसवली होती. सोळा-सोळा पानांचे गठ्ठे जमिनीवर मांडले आणि आकडा पाहून लावले. दोन पुस्तकं एकाच मापाची होती. "तुही पानं दुसऱ्यात गेली असतीन. ते घेऊन ये, उभ्या उभ्या बदलून देतो."

दुसरं पुस्तक कापसावरच्या किडीचं होतं. ते गावच्या ग्रामसेवकाने वाचायला नेलं होतं, आणि मार्चमध्ये त्याची आष्टीला बदली झाली होती. पुस्तक सामानात गेलं. गुरुजींनी त्याला कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही.

लग्न झालं. वऱ्हाड वडनेरहून ट्रकने आलं होतं. जाताना नवरीला पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला बसवलं. मी पायदानावर चढून खिडकीला धरलं होतं. ताई रडत होती, पण बोलली ते स्पष्ट होतं: "शेवट भेटला का लिहून धाडजो."

वडनेर हिंगणघाटच्या पुढे. आमच्याकडून जायला कारंजा, वर्धा, हिंगणघाट अशा तीन गाड्या बदलाव्या लागत. ती त्या वर्षी दिवाळीला आली, पुढच्या वर्षी आली नाही. तिची फणी आरशामागे राहिली होती. माय ती कोणाला वापरू देत नव्हती. ओसरीत मोठ्याने वाचायचं मी बंद केलं. ऐकायला बसणाऱ्या बायका ताईच्या लग्नासाठी येत होत्या, पुस्तकासाठी नव्हे. तरी दुपारी त्या जागी बसले की मी पान संपताना थांबायची, तिने "वाच व" म्हणावं म्हणून. ही सवय आठवीपर्यंत राहिली.

ताईची पत्रं दोन-तीन महिन्यांनी येत. अक्षर मोठं, रेघ सोडून जाणारं. मजकूर चार ओळींचा: सर्व खुशाल, मायचे गुडघे कसे आहेत, गाय व्याली का. शेवटी दर वेळी एकच ओळ: मास्तर काय म्हणे ते कळले का.

१९७९ च्या डिसेंबरात, मी सातवीत असताना, मी तिला लिहिलं की पुस्तक आष्टीहून परत आलं आहे आणि शेवट मी उतरवून पाठवते आहे. पुस्तक आलेलं नव्हतं. वहीची चार पानं मी मनाने लिहिली. पहिली ओळ अशी होती: मास्तर म्हणाले, "भावाला घेऊन आत ये. मागे बस. रडला तर मी बघेन." पुढे मुलगी रोज शाळेत जाते आणि भाऊ पाटीवर रेघा मारतो, वगैरे.

जानेवारीत तिचं कार्ड आलं. दोन ओळी. पत्र मिळाले. मास्तर चांगला होता.

त्यानंतर तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. मला तिची पत्रं उघडताना शेवटची ओळ शोधायची सवय लागली होती. ओळ नसायची.

१९८८ मध्ये मी नागपूरला एका वर्तमानपत्रात शिकाऊ म्हणून लागले होते. डिसेंबरात कापसाच्या बातमीसाठी मला आष्टीला पाठवलं. तिथल्या एका सरकारी कचेरीत कारकून जेवायला गेला होता. वाट पाहताना मी उघड्या मांडणीतली पुस्तकं चाळली. तपकिरी कापड, पाठीवर आमच्या वाचनालयाचा शिक्का: ग्रामसेवकाने नेलेलं किडीचं पुस्तक. पान एकशे सत्त्याहत्तरच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं: येथे फवारणी हवी.

पहिली ओळ होती: "पोर घरी ठेवून ये."

मी उभ्याने सोळा पानं वाचली. मुलगी घरी येते. भावाला ताप येतो, तो बरा होतो. नदीला पूर येतो. मुलीचं लग्न ठरतं. शाळा हा शब्द त्या सोळा पानांत पुन्हा येत नाही. मी दोनदा पाहिलं.

कारकून आल्यावर मी विचारलं. तो म्हणाला, "न्या ना. आमच्याकडे ते कोण वाचते?" मी शिवण उसवून तेवढीच पानं घेतली.

दोन दिवसांनी मी वडनेरला गेले. वेचणीचे दिवस होते, घरी ताईची सासू एकटी होती. "वावरात हाये," ती म्हणाली. "आमच्या सुनेचं अजबच. घरी आठ वर्साची पोट्टी हाये, म्या म्हटलं लहान्याले तिच्यापाशी ठेव, चार दिवस शाळा बुडली तर का होते? नाई. लेकरू काखेत मारून वावरात नेते. झाडाले झोका बांधते. लोक हसतेत."

ताई दिवस कलता परत आली. ओटीत कापूस, कडेवर वर्षाचा मुलगा. मला पाहून तिने आधी मुलगा माझ्याकडे दिला, मग कापूस उतरवला.

"किती वाळली व तू! नागपुरात खायले देत नाई का?"

चहा झाल्यावर मी पानं पिशवीतून काढली आणि सांगितलं की नऊ वर्षांपूर्वीचा तो शेवट मी मनाने लिहिला होता.

"मले माहीत हाये."

"कधीपासून?"

"तवापासूनच. पुस्तकातून उतरवलं असतं तर कायले खोडलं असतं? तू तीन जागी खोडलं होतं." तिने पानं हातात घेतली नाहीत. "हे खरं हाये का?"

"हो."

"का म्हणे?"

मी सांगितलं नाही. पानं तिच्यापुढे ठेवली. तेवढ्यात भाची शाळेतून आली आणि दप्तर टाकून आमच्यात येऊन बसली. कशाची पानं, कशाची गोष्ट, असं विचारू लागली. ताईने तिला आधीची गोष्ट सांगितली: नदी, आई, भाऊ, शाळेचं दार. एकशे शहात्तर पानांतलं बरंचसं तिला पाठ होतं, काही ठिकाणी शब्दन् शब्द. मग तिने पदराला हात पुसले आणि वरचं पान उचलून डोळ्यांसमोर धरलं. ती आता अक्षर जोडत नव्हती. मी मध्येच विचारलं, वाचायला कुठे शिकलीस. "इच्याच पुस्तकात," ती भाचीकडे मान करून म्हणाली. "आन् तुह्या पत्रात."

मग ती पानाकडे पाहत राहिली. पहिली ओळ वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ.

"मंग?" भाची म्हणाली. "मास्तर का म्हणे?"

"मास्तर म्हणाले," ताईने वाचायच्या आवाजात सांगितलं, "भावाला घेऊन आत ये. मागे बस. रडला तर मी बघेन."

"मंग?"

"मंग ते आत गेली. मांगं बसली."

"आन् भाऊ रडला का?"

"रडला असन थोडासा."

तिने पानं जुळवली, कडा सारख्या केल्या आणि माझ्या हातात दिली. "हे तू ने," ती म्हणाली. "गुरुजीच्या पुस्तकात लावून घेजो. तेथची हायेत ते."

दुसऱ्या दिवशी मी साडेनऊच्या हिंगणघाट गाडीसाठी निघाले. सोळा पानं पिशवीत होती. ताई लहान्याला कडेवर घेऊन वावराकडे चालली होती, खांद्यावर झोक्याचा दोर होता. भाची दप्तर घेऊन शाळेच्या वाटेला लागली होती.