कामाआधी लिहिलेली कार्डं

कल्याणी मेश्रामच्या वहीत एका पानावर नऊ इंग्रजी शब्द होते आणि तिच्या लेखी नऊही शब्दांचा अर्थ एकच होता : पुन्हा जोडलं.

तार निसटली असेल आणि परत लावली, तर रीकनेक्ट. प्लग उपसून नीट बसवला, तर रीसीट. गोंदाने चिकटवलं, तर रीबाँड. स्क्रूने कसलं, तर रीफिट. तुटलेल्या तारेची टोकं एकमेकांत सांधली, तर स्प्लाइस. आणि गरम डाग देऊन पक्कं केलं, तर रीसोल्डर. नागपूरच्या आयटीआयमध्ये तिच्या हाताला सरांनी पैकीच्या पैकी मार्क दिले होते, पण तिथे 'लावून दिलं सर' म्हटलं की काम संपायचं. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत ते संपत नव्हतं. कार्ड भरावं लागायचं.

२००६ साल होतं. जिना चढता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी भिंतीलगतच्या रुळावरून वर-खाली जाणाऱ्या खुर्च्या असतात, त्यांचे सर्किट बोर्ड तिच्या कारखान्यात दुरुस्तीला यायचे. दुरुस्त झालेल्या प्रत्येक बोर्डासोबत एक कार्ड. "एक क्रियापद, भूतकाळ, सही," असं सुपरवायझर डेरेकने पहिल्याच दिवशी सांगितलं. पहिल्या आठवड्यात ती पेन हातात धरून स्पेलिंग आठवत उभी राहिली. मागे रांग लागली. डेरेक म्हणाला, "कादंबरी लिहितेस का, लव्ह?" सगळे हसले. तीही हसली, पण बसमध्ये तिचे कान तापलेलेच होते.

त्यावर तिने तोड काढली. एका खेपेचे बोर्ड बहुतेक एकाच दुखण्याचे असत : मोटारीच्या पिनेपाशी सोल्डरला तडा. मग कार्डं आदल्या संध्याकाळीच घरी का भरू नयेत? डिक्शनरी शेजारी, चहा शेजारी, कुणी हसायला नाही. अडतीस कार्डांवर अडतीस वेळा 'रीसोल्डर्ड', खाली सही. दुसऱ्या दिवशी फक्त काम करायचं. पाच महिने हे बिनबोभाट चाललं.

सहावा महिना संपत आला. सोमवारी डेरेक तिला कायम करणार होता. आदल्या शुक्रवारी चार वाजायला दहा मिनिटं असताना फायर ड्रिलची घंटा वाजली. सगळे बाहेर जाऊन पार्किंगमध्ये कुडकुडत उभे राहिले. परत आल्यावर कल्याणी हात धुवायला गेली, आणि येऊन बघते तर तिचं टेबल स्वच्छ.

"तुझे बोर्डपण पॅक करून टाकले," शेजारच्या टेबलावरची हरजीत हिंदीत म्हणाली. वीस वर्षं तिथेच काम करणारी, बडबडी, मायाळू बाई. "कार्डं तर सगळी भरलेली होती. पळ आता, बस जाईल."

कल्याणी पळाली. बस सुटली आणि मनात पाल चुकचुकली. घंटा वाजली तेव्हा हातात कुठला बोर्ड होता? तो झाला होता, की व्हायचा होता? सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवल्याचं आठवत होतं. त्याआधीचं काहीच नाही.

"टेस्टमध्ये पास झाले असतील ना?" नवरा, प्रमोद, जेवताना म्हणाला. तो सॉफ्टवेअरवाला, टेस्ट पास झाली की त्याला झोप लागायची.

"तडा गेलेला सांधा टेबलावर पासच होतो, अहो. खुर्ची चालून गरम झाली की उघडतो. कोणी अर्ध्या जिन्यात बसलं असेल तर?"

"असं एखादंच होते. सोमवारी कागद हातात पडू दे, मग बोल. आधी काहून बोलतेस?"

"मंगळवारी बोलू? तोवर खुर्चीत कोणी बसलं असलं तर?"

"काय बाप्पा ही बाई!" असं म्हणून त्याने पोळी वाढून घेतली.

शनिवारी तिने कपाट आवरलं, मग तेच कपाट पुन्हा आवरलं. कारखान्याला तीनदा फोन केला. नुसता वाजत राहिला. रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये बुद्धवंदनेला वीसेक माणसं जमली. पंचशील म्हणताना, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी ती अडखळली. शेजारी बसलेल्या सुहासिनीताईंनी पाण्याची बाटली पुढे केली. कल्याणी घोट घेऊन बाहेर आली आणि बूट घालून उगीचच कोपऱ्यापर्यंत चालून आली. खोटं तर ती बोलली नव्हती. फक्त खरं होण्याआधी लिहून ठेवलं होतं. मग जिवाला चैन का पडत नव्हती?

सोमवारी माल न्यायला व्हॅन साडेसातला यायची आणि तिची पाळी आठची होती. ती सात वाजताच दारात हजर. डेरेक किल्ल्या काढत होता.

"अडतीस बोर्डांचा बॉक्स थांबवा," ती म्हणाली. "एक राहिला आहे. बहुतेक."

"कार्ड आहे ना?"

"कार्डं मी गुरुवारी घरी लिहिली. सगळी."

डेरेकने तिच्याकडे पाहिलं. मग खिशातून कटर काढून बॉक्सची पट्टी कापली. कल्याणी भिंगाखाली एकेक बोर्ड धरू लागली. दहा झाले, वीस झाले. बाहेर व्हॅन येऊन हॉर्न वाजवायला लागली. कामावर आलेली हरजीत कोट न काढताच मागे उभी राहिली. "अगं, माझंच चुकलं," ती पुटपुटत होती.

एकतिसाव्या बोर्डावर पिनेभोवती केसाइतकी बारीक गोल रेघ होती. जुना तडा, जसाच्या तसा.

डेरेकने व्हॅन रिकामी परत पाठवली. मग अडतीसही कार्डं गोळा करून मधोमध फाडली. "ही कार्डं काहीच सांगत नाहीत," तो म्हणाला. आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "आणखी तीन महिने ट्रायल. आणि हे सगळे आज पुन्हा तपासायचे. एक बोर्ड, एक कार्ड. इथे, माझ्यासमोर."

"हो," ती म्हणाली. प्रमोद काय म्हणेल ते तिला ऐकूही आलं.

तिने एकतिसावा बोर्ड उचलला. डाग दिला, फुंकर न घालता थंड होऊ दिला, भिंगातून पाहिला, पिन हलवून पाहिली. मग कोरं कार्ड घेऊन काउंटरपाशी गेली. एरवी ती वहीत बघूनच उतरवायची, आणि वही घरी राहिली होती. 'सोल्डर'मध्ये एल कुठे येतो ते नेमकं आठवेना. मागे चार जण रांगेत येऊन थांबले, कुणीतरी घसा साफ केला, डेरेकने घड्याळ पाहिलं.

कल्याणीने 'रीसो' लिहिलं, थांबली, आणि पुढचं अक्षर आठवेपर्यंत तशीच उभी राहिली.